वर्धापनविधी आणि मुलाचा वाढदिवस

मुलाचा वाढदिवस हा आज मराठी घरांतील सर्वांत नियमाने साजरा होणारा कौटुंबिक सोहळा झाला आहे. व्रतवैकल्ये सुटलेल्या, देव्हारा नसलेल्या आणि कुळाचार विसरलेल्या घरांतही तो न चुकता होतो. परंतु त्या दिवशी नेमके काय साजरे होते, असे विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. जन्माची घटना घडून गेलेली असते आणि ती मुलाला आठवतही नसते. सरलेल्या वर्षाचा आनंद मानावा, तर सरलेले वर्ष आयुष्यातून वजा झालेले असते. मूल हेच सोहळ्याचे कारण म्हणावे, तर ते आदल्या दिवशीही तितकेच प्रिय होते. म्हणून एखाद्या कुटुंबाला मुलाच्या वाढदिवसाची अर्थपूर्ण परंपरा घालायची असेल, तर सजावट, भेटी आणि पंगत यांचा विचार करण्यापूर्वी त्या दिवसाचा विषय कोणता, हे ठरवणे आवश्यक ठरते. हा प्रश्न नवा नाही. मराठीतील सर्वांत थोर तत्त्वग्रंथाने तो सातशे वर्षांपूर्वीच उपस्थित केला आहे, आणि तोही वाढदिवसाच्या विरोधी पक्षातून.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस, जग अनित्य आणि असुख आहे असे सांगणाऱ्या गीताश्लोकावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी मृत्युलोकाचे जे वर्णन केले आहे, त्यात मुलाच्या वाढदिवसाचा स्पष्ट उल्लेख येतो. मूल अंगाने भरू लागले की लोक कौतुकाने नाचतात, पण आतून त्याचे आयुष्य संपत चालले आहे याची खंत कोणालाच वाटत नाही. जन्मलेला जीव दिवसेंदिवस काळाच्या स्वाधीन होत असताना लोक मात्र वाढीचा उत्सव करतात आणि गुढ्या उभारतात, असा त्या ओव्यांचा आशय आहे. ‘मर’ हा शब्द कोणाला सहन होत नाही, मेलेल्यासाठी सगळे रडतात, आणि जे आहे ते डोळ्यांदेखत निघून चालले आहे याची गणती मात्र कोणी करत नाही, हे ज्ञानेश्वरांचे निरीक्षण आजच्या वाढदिवसालाही तंतोतंत लागू पडते.

हा आक्षेप वैराग्याचा ठरीव सूर म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्या मागे गीतेचा जन्मविषयक सिद्धांत उभा आहे. आत्मा जन्मत नाही आणि मरत नाही, जन्मतो तो देह, आणि जन्मलेल्या देहाचा मृत्यू अटळ आहे, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील भूमिका स्वीकारली, तर वाढदिवस अमर अशा कोणाचा असूच शकत नाही. आणि ज्या देहाचा तो असतो, त्या देहाच्या बाबतीत वाढ आणि क्षय या एकाच गतीच्या दोन बाजू ठरतात. वारकरी संप्रदायाच्या पंचांगातही या विचाराचे प्रतिबिंब दिसते. ज्ञानेश्वरांच्या नावाने आळंदीला मोठा सोहळा होतो तो कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे समाधीच्या तिथीला. तुकोबांची बीज आणि नाथषष्ठी या तिथीही त्या त्या संताने इहलोक सोडल्याच्या आहेत. पाळणा हलवला जातो तो रामनवमीच्या माध्यान्ही आणि गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री, म्हणजे देवांसाठी. माणसाचा जन्म हा त्याच्या जीवनाचा निकाल नव्हे, म्हणून त्याचा उत्सव करण्याची घाई करू नये, असा संयम या रचनेत आहे.

असे असताना धर्मशास्त्राने मात्र मुलाच्या वाढदिवसाला निश्चित स्थान दिले. गृह्यसूत्रे, म्हणजे घरातील संस्कारांचे नियम सांगणारे प्राचीन ग्रंथ, मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर महिन्याला त्याच्यासाठी आहुती देण्यास सांगतात. गोभिल गृह्यसूत्रात अग्नी, इंद्र, द्यावापृथिवी आणि विश्वेदेव यांच्यानंतर मुलाच्या जन्मतिथीला आणि जन्मनक्षत्राला आहुती द्यावी असे आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) हे महाराष्ट्रातील पुरोहितवर्गाने सर्वाधिक प्रमाण मानलेले निबंधग्रंथ, म्हणजे अनेक स्मृती-पुराणांतील वचने जुळवून निर्णय देणारे ग्रंथ, होत. त्यांत हा विधी वर्धापन, वर्षवृद्धी किंवा अब्दपूर्ती या नावांनी येतो. पहिल्या वर्षी तो दरमहा करावा आणि पुढे दरवर्षी जन्मतिथीला करावा, अशी त्याची योजना आहे.

या विधीचा तपशील जवळून पाहिला, तर त्याची दिशा ध्यानात येते. मुलाला तीळ लावून स्नान घालावे आणि नवे वस्त्र नेसवावे. गणेश, सूर्य, अग्नी, गुरू, प्रजापती, आई-वडील आणि जन्मनक्षत्राची देवता यांचे पूजन करावे. मग मार्कंडेयाचे आवाहन करून अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांची, त्यांच्याबरोबर प्रल्हादाची आणि शेवटी षष्ठी देवीची पूजा करावी. षष्ठीला नैवेद्य दहीभाताचा असतो. पूजा झाल्यावर तीळ आणि गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ घेऊन, मार्कंडेयाच्या वराने आयुष्य लाभावे या संकल्पाने प्यायचे असते. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवासाला निघू नये, आणि मांसाहार, कलह व हिंसा टाळावी, असेही सांगितले आहे. या साऱ्यात मुलाची स्तुती कोठेही नाही. मूल पाटावर बसलेले असते, पण पूजा होते ती त्याच्या आधी असलेल्यांची आणि त्याला राखणाऱ्यांची.

चिरंजीवांची नावे ज्या क्रमाने घेतली जातात, तो क्रम विचार करायला लावणारा आहे. पहिले नाव अश्वत्थाम्याचे आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात झोपेत असलेल्या द्रौपदीपुत्रांना मारणारा आणि उत्तरेच्या उदरातील गर्भावर अस्त्र सोडणारा हा योद्धा आहे. त्याबद्दल त्याला मृत्यूची शिक्षा झाली नाही, तर तीन हजार वर्षे रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह, कोणाच्या सोबतीविना आणि कोणाशी शब्दही न बोलता रानोमाळ भटकण्याचा शाप मिळाला. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात अस्तंबा शिखरावर दिवाळीत आदिवासी भाविकांची यात्रा भरते, ती याच अश्वत्थाम्याच्या स्थानाची मानली जाते, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल मागतो ही श्रद्धा त्या मुलखात अजून जिवंत आहे. गर्भातल्या बाळावर शस्त्र उगारणाऱ्याचे नाव बाळाच्याच वाढदिवशी सर्वांत आधी का घ्यावे, याचा खुलासा विधिग्रंथ करत नाहीत. श्लोकाच्या छंदाची सोय एवढेच त्याचे कारण असणेही शक्य आहे. तरीही दरवर्षी ते नाव ऐकणाऱ्या आई-वडिलांना त्यातून एक गोष्ट कळल्यावाचून राहत नाही, ती अशी, की नुसते लांब आयुष्य हे वरदान नाही. अपत्यासाठी दीर्घायुष्य मागताना ज्याच्या दीर्घायुष्याला शापाखेरीज दुसरे नाव देता येत नाही, अशा माणसाचे स्मरण आधी करावे लागते.

अश्वत्थाम्याच्या विरुद्ध टोकाला मार्कंडेय आहे, आणि त्याची कथा हाच विचार उलट बाजूने सांगते. प्रचलित कथेनुसार मृकंडू ऋषीला शंकराने दोन पर्याय दिले, पुष्कळ जगणारा पण मंद व दुर्गुणी मुलगा किंवा गुणी पण सोळाच वर्षे जगणारा मुलगा, आणि त्या दांपत्याने दुसरा पर्याय निवडला. सोळावे वर्ष संपताना यमाचा पाश आला तेव्हा मुलगा शिवलिंगाला बिलगून बसला आणि वाचला. आयुष्यवृद्धीसाठी ज्याची प्रार्थना करायची, त्याच्या आई-बापांनी आयुष्याची लांबी ही अपत्याविषयीची पहिली इच्छा मानली नव्हती, ही या पूजेतील सर्वांत गंभीर गोष्ट होय. मधल्या नावांतही हाच धागा आहे. बळीने दिलेला शब्द राखण्यासाठी राज्य सोडले, विभीषणाने न्यायासाठी भाऊ सोडला, हनुमानाने सेवेत स्वतःला विसरून टाकले.

या प्रकाशात ज्ञानेश्वरांच्या आक्षेपाकडे पुन्हा पाहिले, तर तो वर्धापनविधीवर तितकासा बसत नाही असे आढळते. त्यांनी दोष दिला आहे तो आंधळ्या उल्हासाला, असते ते जात आहे याची गणती न करण्याला. वर्धापनविधी नेमकी ही गणती करतो. तिळगुळाच्या दुधाचा घोट घेताना मागितलेले आयुष्य हे हक्काचे म्हणून मागितलेले नसते. यमाच्या हातून सुटलेल्या एका मुलाचे नाव घेऊन मागितलेली ती मुदत असते. मात्र येथे एक भेद काळजीपूर्वक करावा लागतो. अनित्यतेचे हे भान पाच वर्षांच्या मुलाच्या मनावर लादण्याची गरज नाही, आणि विधीही तसे करत नाही. मंत्रांचा श्रोता प्रौढ आहे; मुलाच्या वाट्याला दूध, नवे कपडे आणि चिरंजीवांच्या गोष्टी येतात. आनंद मुलाचा आणि भान आई-वडिलांचे, अशी ही वाटणी आहे. आजच्या समारंभात ती उलटी झालेली पुष्कळदा दिसते: मोठी माणसे छायाचित्रांसाठी हसत असतात आणि रात्री उशिरापर्यंत जागवलेले, भुकेले मूल रडत असते.

पूजेत षष्ठी देवीला जे स्थान आहे, त्यामागे बालमृत्यूचा मोठा इतिहास आहे. षष्ठी म्हणजेच मराठी घरांतील सटवाई. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाटा मांडून तिची पूजा करतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि त्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते अशी समजूत असल्याने घरातल्या बायका दिवा तेवत ठेवून जागरण करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे दोनशे बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हे प्रमाण २८ वर आलेले होते. ज्या काळी दर पाचांतले एक मूल वर्षाच्या आत जात होते, त्या काळी वर्ष पुरे होणे हा अक्षरशः बचाव होता, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी दरमहा आणि मग वर्षातून एकदा त्या लेखणीवाल्या देवीपुढे दहीभात ठेवला जाई. लस, स्वच्छ पाणी आणि दवाखान्यातले बाळंतपण यांनी हे भय पुष्कळसे दूर केले, ही मानवजातीच्या हातून घडलेल्या सर्वांत पुण्यकारक गोष्टींपैकी एक आहे. पण भय गेले म्हणून कृतज्ञतेचे कारण गेले असे होत नाही. ती कोणाकडे वळवायची, एवढेच बदलते. सटवाईवर श्रद्धा नसलेल्या घरानेही त्या दिवशी मुलाला त्याच्या जन्माची रात्र सांगावी: कोणी धावाधाव केली, सुईण किंवा परिचारिका कोण होती, आईला काय सोसावे लागले, पहिली लस कोणी टोचली. मुलांना ही हकीकत कितीही वेळा ऐकायला आवडते, आणि आपले असणे हे अनेकांच्या हातांनी झाले आहे हे त्यांना उपदेशावाचून कळते.

निषेधांच्या यादीतील कलह आणि हिंसा या दोन शब्दांना दुसऱ्या एका धर्मपरंपरेतून अनपेक्षित पुष्टी मिळते. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन याने असे म्हटले होते, की पवित्र ग्रंथात स्वतःच्या जन्मदिवसाचा उत्सव करणारे सापडतात ते पापी लोकच. त्याच्यापुढे मिसरचा फारो आणि हेरोद राजा यांची उदाहरणे होती. फारोच्या जन्मदिवशी त्याच्या आचाऱ्याला फाशी झाली आणि हेरोदाच्या जन्मदिवसाच्या मेजवानीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आणले गेले. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने हुतात्म्यांचा मृत्युदिन हाच त्यांचा खरा जन्मदिन मानला, हे वारकऱ्यांच्या पुण्यतिथींशी फार जवळचे आहे. या उदाहरणांवरून असे दिसते, की स्वतःचा जन्म हाच जेव्हा उत्सवाचा विषय होतो, तेव्हा सत्ताधाऱ्याला आपली सत्ता दाखवण्याचा मोह होतो. घरातल्या लहानग्याला राजा करून बसवणाऱ्या वाढदिवसात त्या मोहाचे बीज असते, आणि ‘आज तुझा दिवस आहे, आज तू म्हणशील ते’ हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही. वर्धापनविधी नेमके उलट सांगतो, की ज्या दिवशी स्वतःचे आयुष्य मागायचे, त्या दिवशी दुसऱ्या जीवाला इजा करायची नाही आणि कोणाशी भांडायचे नाही. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत अशा घरगुती प्रसंगी त्रिशरण आणि पंचशील म्हणण्याची जी प्रथा रुजली आहे, तिच्यातील पहिले शीलच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. तेव्हा दैवतांवर विश्वास नसलेल्या घरालाही हा नियम आपला मानता येतो. आई-वडिलांनी त्या एका दिवशी मुलासमोर एकमेकांशी वाद घालायचा नाही, असा नेम केला, तर कोणत्याही भेटवस्तूपेक्षा तो मुलाच्या अधिक लक्षात राहील.

आता देण्याघेण्याचा विचार. तैत्तिरीय संहितेत असे म्हटले आहे, की ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणांसह: ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडायचे असते. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यऋणाची भर घातली आणि माणसाला आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असे सांगितले. शिवाय जो कोणी आहे तो जन्मतःच ऋणी आहे, अशी व्यापक भाषा वापरली. ऋण जन्माबरोबर येत असेल, तर जन्मदिवस हा ते ऋण आठवण्याचा स्वाभाविक दिवस ठरतो, आणि त्या दिवशी मुलाने फक्त घेत राहावे ही कल्पना या परंपरेच्या दृष्टीने अर्धवट आहे. मोगल दरबारातील तुलादानही याच देशातील प्रथेवरून आलेले होते. बादशहाच्या जन्मदिवशी त्याला सोन्यारुप्याने आणि धान्याने तोलून ते वाटले जाई, आणि जहांगीराची अशी तुला इंग्रज वकील टॉमस रो याने पाहून लिहून ठेवली आहे. नवस फेडताना मुलाची गूळतुला करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांत आजही आहे. मुलाच्या वजनाइतका गूळ, तांदूळ किंवा वह्या वाटण्याची घरगुती प्रथा त्यातून सहज घालता येते, आणि ‘यंदा मी इतका वाढलो, म्हणून इतके जास्त द्यायचे’ हा हिशेब लहान मुलालाही समजतो.

दानाच्या बाबतीत मात्र एक धोका ओळखून ठेवला पाहिजे. मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात साजरा करण्याची रीत सध्या रूढ होत आहे, आणि तिच्यामागचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण ज्या मुलांना आपल्या जन्माची तारीखही ठाऊक नाही, त्यांनी परक्या मुलाच्या केकसाठी टाळ्या वाजवायच्या आणि छायाचित्रात मागे उभे राहायचे, ही गोष्ट त्यांच्या आत्मसन्मानाला लागणारी आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायाने सात्त्विक दानाची व्याख्या करताना परतफेड करू न शकणाऱ्याला, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, योग्य देशी आणि योग्य काळी दिलेले दान असे म्हटले आहे, आणि फळावर नजर ठेवून दिलेल्या दानाला राजस ठरवले आहे. छायाचित्र हेही एक फळच आहे. शतपथ ब्राह्मणातील मनुष्यऋण अतिथीला घरी ठेवून घेण्याने फिटते. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या दारी मिरवत जाण्याने ते फिटत नाही. तेव्हा वर्गातल्या ज्या मुलाला कोणी बोलावत नाही त्याला जेवायला बोलावणे, किंवा घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलांना त्याच पंगतीत, त्याच ताटांत वाढणे, हे अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक खरे दान होय.

मुलाच्या कौतुकात दान कसे विणावे, याचा सुंदर नमुना मराठी परंपरेत बोरन्हाणाच्या रूपाने आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, आणि बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, हलवा असे सगळे त्याच्या डोक्यावरून ओततात. ओतलेले पदार्थ खाली पडतात न पडतात तोच भोवती बसलेली वाड्यातली, चाळीतली किंवा सोसायटीतली मुले ते वेचायला झेप घेतात. मध्यभागी बसलेल्या मुलाच्या मुठीत एखादे बोर राहते, एवढेच. त्याच्यावरून जे ओघळले ते सर्वांचे होते. वेगळा उपदेश, वेगळी पाकिटे आणि हल्लीच्या ‘रिटर्न गिफ्ट’ची वेगळी खरेदी यांची तेथे गरज पडत नाही, कारण मिळणे आणि वाटले जाणे या दोन क्रिया तेथे एकाच क्षणी घडतात. वाढदिवसाची कोणतीही नवी प्रथा पारखायची असेल, तर बोरन्हाणाची ही रचना कसोटी म्हणून वापरावी.

तिथी की तारीख, या वादात फार अडकण्याचे कारण नाही. जन्मतिथी आणि जन्मतारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळपास एकत्र येतात, कारण एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. तोवर शाळेतल्या मित्रांसाठी तारीख आणि घरातल्या पूजेसाठी तिथी, अशी अनेक कुटुंबांनी, विशेषतः परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, लावलेली सोय पुरेशी आहे. त्यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. महाराष्ट्रातील जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण जूनमध्ये शाळेत नाव घालताना नेमका दिवस कोणालाच सांगता येत नसे आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून ती तारीख लिहीत. त्यांच्या खऱ्या जन्माची आठवण वेगळ्या रीतीने राखलेली असे: पानशेतचे धरण फुटले त्या पावसाळ्यातला, कोयनेच्या भूकंपानंतरचा, बहात्तरच्या दुष्काळातला. या माणसांचा जन्म गावावर आलेल्या समाईक प्रसंगाला बांधलेला होता आणि त्याचा स्वतंत्र उत्सव कधी झालाच नाही. धर्मशास्त्राने खरे तर मोठे शांतिविधी उतारवयासाठी राखले होते. साठाव्या वर्षी षष्ट्यब्दीपूर्ती आणि ऐंशी वर्षे उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन, म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा. लहानांचा दिवस थाटाचा आणि थोरांचा दिवस १ जूनच्या सरकारी नोंदीपुरता, ही आजची उलटापालट दुरुस्त करण्याचा सोपा मार्ग म्हणजे नातवाच्या वाढदिवशी त्यानेच आजी-आजोबांना त्यांच्या जन्माविषयी विचारावे, आणि जो दिवस त्यांच्यासाठी ठरेल, तो पुढच्या वर्षापासून घरात पाळावा.

केक आणि मेणबत्त्यांवरून होणारी चर्चा त्या मानाने गौण आहे. केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल अठराव्या शतकातील जर्मनीत दिसते आणि ती आपल्याकडे इंग्रजांच्या मागून आली. ती परकी आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. शुभ प्रसंगी ज्योत फुंकून विझवणे मराठी मनाला खटकते हे खरे, आणि ज्या घराला ते खटकते त्याने मुलाकडून वयाइतक्या पणत्या लावून घ्याव्यात. पण त्यासाठी दुसऱ्याच्या घरी जाऊन संस्कृतीवर व्याख्यान देण्याने कलहाचा निषेध मोडतो.

सर्वांत शेवटी औक्षणाचा प्रश्न, कारण हा या दिवसाचा गाभा आहे आणि त्यात एक जुना अन्याय शिल्लक आहे. पाटाभोवती रांगोळी काढून मुलाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे, ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, हळदकुंकू आणि अक्षता घ्यायच्या, कपाळी कुंकू लावून अक्षता डोक्यावर टाकायच्या, सुपारी-अंगठीने आणि मग दिव्याने ओवाळायचे, हा विधी कोणत्याही मंत्रावाचून पुरा होतो आणि तो पुरोहिताकडे नसून घरातल्या स्त्रियांकडे आहे. दिव्याच्या उजेडात मुलाचा चेहरा पाहणे आणि त्याचे आयुष्य चिंतणे, एवढाच त्याचा अर्थ असल्याने ज्ञानेश्वरांच्या आक्षेपालाही त्याहून चांगले उत्तर देता येणार नाही: येथे उल्हास आहे, आणि जे जपायचे ते क्षणभंगुर आहे याचे भानही आहे. परंतु ओवाळण्याचा मान सुवासिनींचा, म्हणजे पती हयात असलेल्या स्त्रियांचा, ही अट त्याला चिकटली, आणि ज्या आजीने नातवाला न्हाऊमाखू घातले, रात्र रात्र मांडीवर घेतले, ती विधवा असेल तर ओवाळण्याच्या वेळी स्वयंपाकघरात थांबू लागली. चिरंजीवांच्या पूजेत गर्भावर अस्त्र टाकणाऱ्या अश्वत्थाम्याला पहिले स्थान देणारा धर्म मुलासाठी जागलेल्या स्त्रीला अशुभ म्हणू शकत नाही. तसे म्हणणे हा रूढीचा दोष आहे आणि त्याला धर्माचा आधार मानू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाने रस्ता मोकळा होतो, पण घरातला पाट घरच्यांनाच मांडावा लागतो. तेव्हा मुलाच्या वाढदिवसाची परंपरा नव्याने घालू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आरंभ येथूनच करावा: घरात आजी असेल, तर ती सधवा असो की विधवा, औक्षणाचे ताम्हण सर्वांत आधी तिच्या हाती द्यावे.